गीझरचा कंट्रोलर घराशी जोडताना : कंपनीचा क्लाउड की घरातला सर्व्हर?

गीझरसाठी स्मार्ट कंट्रोलर घ्यायचे ठरले आहे आणि तो होम असिस्टंट या घरातली स्मार्ट उपकरणे एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचा आहे, अशा टप्प्यावर आलेल्या माणसापुढे मुख्यत्वे दोन वाटा असतात. पहिली कंपनीच्या क्लाउडमधून जाते. खात्याचे नाव आणि पासवर्ड देऊन इंटिग्रेशन, म्हणजे त्या उपकरणासाठीचा जोडदुवा, जोडायचे आणि कंपनीचा सर्व्हर जे सांगेल ते आपल्या डॅशबोर्डवर पाहायचे. दुसरी वाट घराबाहेर पडतच नाही. ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या चिपवर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर चालवणारा, किंवा एमक्यूटीटी या उपकरणांमधल्या निरोपांच्या पद्धतीने थेट आपल्या सर्व्हरशी बोलणारा कंट्रोलर बसवायचा. पहिल्या वाटेवर मी सुमारे दीड वर्ष होतो आणि गेली दोन वर्षे दुसऱ्या वाटेवर आहे. त्यामुळे पुढचे विवेचन पूर्णपणे तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही, आणि उपकरणे लावून केलेली ही चाचणीही नव्हे.

क्लाउडच्या बाजूने बोलायचे तर जोडणीचे काम दहा मिनिटांत होते, हे मान्य करायलाच हवे. वॉरंटी शाबूत राहते, फर्मवेअरची (यंत्रातल्या सॉफ्टवेअरची) काळजी कंपनी घेते आणि परगावी असताना गीझर चालू करण्यासाठी वेगळी तजवीज करावी लागत नाही. माझ्या कंट्रोलरमध्ये वेळापत्रक यंत्रातच साठवले जात असे, त्यामुळे इंटरनेट बंद असले तरी पहाटेचे पाणी वेळेवर तापत असे. केवळ सकाळ-संध्याकाळचे वेळापत्रक आणि अधूनमधून अ‍ॅपवरून चालू-बंद एवढीच गरज असेल, तर खरे पाहता होम ऑटोमेशनशी जोडण्याचीही फारशी निकड नाही.

अडचण सुरू होते ती इतर गोष्टी गीझरच्या स्थितीवर अवलंबून ठेवल्या की. होम असिस्टंटच्या प्रत्येक इंटिग्रेशनच्या माहितीपानावर ते ‘क्लाउड पोलिंग’ आहे, ‘क्लाउड पुश’ आहे की ‘लोकल पुश’ आहे, हे लिहिलेले असते. पोलिंग म्हणजे ठरावीक वेळाने स्थिती विचारणे, पुश म्हणजे बदल होताच ती कळवली जाणे, आणि लोकल म्हणजे घरातल्या घरात. खरेदीपूर्वी ती एक ओळ जरूर वाचावी. माझे इंटिग्रेशन पोलिंगचे होते आणि दर पाच मिनिटांनी स्थिती विचारत असे. दिव्याच्या बाबतीत पाच मिनिटांचा उशीर हा केवळ वैताग असतो. गीझरच्या बाबतीत मात्र २ किलोवॅटची कॉइल २५ लिटर पाण्याचे तापमान तेवढ्या वेळात साधारण ६ अंशांनी वाढवते, आणि तेच पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला तिला जेमतेम अर्धा तास लागतो. म्हणजे ज्या कामाला एकूण अर्धा तास पुरतो, त्याची खबर पाच-पाच मिनिटे शिळी.

तरीही शिळ्या खबरेशी मी जुळवून घेतले असते. ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती म्हणजे खोटी खबर. एका रात्री साडेदहाच्या सुमारास मी अंथरुणातूनच गीझर बंद केला आणि पडद्यावरचे चिन्ह तत्काळ करडे झाले. पहाटे न्हाणीघरातून पत्नीची हाक आली, “अहो, रात्री गीझर बंद केला होता ना तुम्ही?” आत जाऊन पाहतो, तर कंट्रोलरवरचा लाल दिवा पेटलेला आणि नळाच्या पाण्यात बोट घालण्याची सोय नाही. हातातल्या फोनवर मात्र गीझर अजूनही ‘बंद’च होता. माझी आज्ञा कंपनीच्या सर्व्हरने स्वीकारली होती, तशी पावती इंटिग्रेशनला दिली होती आणि इंटिग्रेशनने त्या पावतीलाच वस्तुस्थिती मानले होते. कंट्रोलर त्या वेळी वायफायवरून सुटलेला असल्यामुळे आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, आणि नंतरच्या प्रत्येक विचारणेला सर्व्हर आपल्याच नोंदीतले ‘बंद’ परत वाचून दाखवत राहिला. टाकीचा स्वतःचा थर्मोस्टॅट शाबूत होता म्हणून धोका असा नव्हता. पण रात्रभर थोड्या थोड्या वेळाने कॉइल लागत होती आणि वीज जळत होती.

असे त्यानंतर आणखी तीन-चार वेळा झाले. कंपनीकडे तक्रार केल्यावर राउटर जवळ आणण्याचा सल्ला मिळाला. तो अगदीच चुकीचा होता असे म्हणता येत नाही, कारण टाकीच्या पोलादी पत्र्यामागे २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल दबतोच. परंतु संपर्क तुटणे समजून घेता येते. तुटलेला असताना सारे ठीक असल्याचे सांगणे समजून घेता येत नाही. त्या काळात मला एक सवय लागली होती. फोनवर ‘बंद’ दाबायचे आणि मग न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून रिलेचा, म्हणजे गीझरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कंट्रोलरमधल्या स्विचचा, ‘टक्’ ऐकू येतो का, याचा कानोसा घ्यायचा. ज्या ऑटोमेशनची खातरजमा करायला उठून जावे लागते, त्यापेक्षा भिंतीवरचे बटण काय वाईट, असे वाटू लागले.

दुसऱ्या वाटेवर ही एक व्यथा जवळपास संपली. कंट्रोलर घरातल्या सर्व्हरशी थेट जोडलेला असतो आणि संपर्क तुटला तर थोड्याच वेळात डॅशबोर्डवर ‘अनुपलब्ध’ असे स्पष्ट दिसते. एमक्यूटीटीमध्येही ‘लास्ट विल’ नावाची सोय आहे. एखादे उपकरण अचानक गळाले, तर त्याने आधीच लिहून ठेवलेला निरोप ब्रोकर, म्हणजे निरोपांची देवघेव करणारा मधला सर्व्हर, सर्वांना कळवतो. शिवाय मी रिलेच्या जोडीला वीजमापन असलेला कंट्रोलर घेतला, आणि खरा फरक त्यानेच पडला असे मला वाटते. रिले लागला आहे आणि १९५० वॅटच्या आसपास वीज ओढली जात आहे, तर पाणी तापत आहे. रिले लागला आहे पण वीज शून्य, तर थर्मोस्टॅटने कॉइल तोडली आहे, म्हणजेच पाणी तापले आहे. रिले सुटला आहे तरीही वीज वाहते आहे, तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले आहेत आणि एमसीबी पाडायला हवा. तापमानाचा एकही सेन्सर न लावता एवढे कळते. आमच्याकडे ‘पाणी तापले’ हा निरोप वीज शून्यावर येऊन दोन मिनिटे झाली की येतो, आणि त्याच क्षणी रिलेही सुटतो.

अर्थात ही वाट निर्वेध आहे, असे कोणी समजू नये. सुरुवातीला मी गरम पाण्याच्या पाइपला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर बांधला होता. पाणी वाहत नसताना तो टाकीचे तापमान सांगतच नाही, हे एक. दुसरे असे की वीज येताच त्याच्या स्मृतीत मुळातच ८५ अंश हा आकडा असतो, आणि पहिले मापन होण्याआधी वाचला गेला तर तोच बाहेर येतो. दिवे जाऊन आले की माझे ऑटोमेशन ‘पाणी उकळायला आले’ असे समजून गीझर बंद करून मोकळे होई. बरोबर ८५ हा आकडा गाळून टाकल्यावर तो प्रकार थांबला. होम असिस्टंटच्या सर्वसाधारण थर्मोस्टॅटच्या इंटिग्रेशनमध्ये तापमान ठरवलेल्या आकड्यापासून ढळू देण्याची मुभा मूळची ०.३ अंशाची असते. ती खोलीच्या तापमानाला शोभते, पण गीझरचा रिले तिच्यापायी सारखा टकटकत राहतो. ती ४-५ अंशांवर नेली.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो ईएसपीहोमच्या एका मूळ ठेवणीने. पंधरा मिनिटे कोणीही त्याच्याशी जोडले गेले नाही, तर चिप स्वतःहून रीस्टार्ट होते. सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद असताना गीझर दर पाव तासाला सुटत होता आणि मी दोन दिवस वायरिंगवर संशय घेत बसलो होतो. ती मुदत शून्य केली, रीस्टार्टनंतर रिले नेहमी बंदच राहील असे ठरवले आणि ४५ मिनिटांनी रिले सोडणारा टायमर सर्व्हरवर न ठेवता चिपमध्येच घातला. आता सर्व्हर मेला तरी गीझर रात्रभर चालू राहू शकत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र हौस आवरावी. २ किलोवॅटचा भार २३० व्होल्टवर ९ अँपिअरच्या जवळ जातो, आणि छोट्या बोर्डांवरच्या १० अँपिअर छापलेल्या रिलेने तो रोज अर्धा-अर्धा तास वाहावा ही अपेक्षा रास्त नाही. रिलेने कॉन्टॅक्टर (जड भारासाठीचा मोठा स्विच) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने गीझर; माझ्याकडे ते काम इलेक्ट्रिशियनने केले. टाकीचा थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआउट कोणत्याही परिस्थितीत बाजूला सारू नयेत. मोठ्या साठ्याच्या टाकीत वीज वाचवण्यासाठी पाणी कोमटच ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण लिजिओनेला जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतात आणि साठवणीसाठी सामान्यतः ६० अंशांची शिफारस केली जाते.

तिसरी वाट मॅटरची, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीच्या समान मानकाची. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.४ आवृत्तीत पाणी तापवण्याच्या यंत्रांचा प्रकार समाविष्ट झाला आणि मॅटरचा संवाद घरातल्या जाळ्यातच होतो, त्यामुळे पुढे कदाचित ही निवड करण्याची वेळच येणार नाही. मी स्वतः ते वापरलेले नसल्यामुळे त्यावर मत देत नाही.

घरात सर्व्हर नसेल, घर भाड्याचे असेल किंवा आपल्या पश्चात यंत्रणा सांभाळणारे कोणी नसेल, तर क्लाउडच बरा पडेल. माझ्या थोरल्या भावाच्या घरी मी स्वतः तोच बसवून दिला आहे आणि त्याची काही तक्रार नाही. तो अ‍ॅप उघडतच नाही, वेळापत्रकावर सारे चालते. बाकीच्यांनी कंट्रोलर परत करण्याची मुदत संपण्याआधी एवढे करून पाहावे. गीझर चालू असताना वायफाय राउटर बंद करावा, पण सर्व्हर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर का होईना चालू ठेवावा. मग कंट्रोलरवरचे बटण हाताने दाबून गीझर बंद करावा आणि डॅशबोर्डकडे पाहत बसावे. ‘अनुपलब्ध’ असे आले तर हरकत नाही. माझा जुना कंट्रोलर वीस मिनिटांनंतरही ‘चालू’ आणि ‘५४ अंश’ असे छातीठोकपणे सांगत होता.