खाऱ्या वाऱ्यात पडवीचा पत्रा: जीआय की ॲल्युमिनियम?

गुहागर, मालवण, वेंगुर्ल्यात समुद्रालगत घर असेल तर पत्रा गंजणारच. कसा गंजतो ते पाहून निवड करायची.

जीआय म्हणजे लोखंडी पत्र्यावर जस्ताचा लेप. जस्त जास्त क्रियाशील, त्यामुळे ओरखडा पडला तरी आधी तेच झिजतं आणि लोखंड वाचतं. पण साठा मोजका: २७५ ग्रॅमचा लेप म्हणजे दर चौरस मीटरला तेवढं जस्त, तेही दोन्ही बाजू मिळून असतं, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. १२० ग्रॅमचा स्वस्त पत्रा किनाऱ्यावर घेऊच नका. जस्त संपलं की तांबडा गंज येतो. तो सच्छिद्र, पापुद्रे सुटत राहतात आणि आत हवा-पाणी शिरतच राहतं. ग्राइंडरने कापू नका, उष्णतेने कडेचं जस्त जळतं, कात्री वापरा.

ॲल्युमिनियमवर हवेने धरणारा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचाच, पण घट्ट चिकटतो आणि ओरखडल्यावर लगेच पुन्हा धरतो. मिठाने बारीक खड्डे पडतात, विशेषतः वळचणीखाली, कारण तिथलं मीठ पावसाने धुतलं जात नाही. तो भाग अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.

खरा घात जोडणीत होतो. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी अँगलवर थेट टेकवला, तर खाऱ्या ओलीत दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रबरपट्टी घाला, स्टेनलेसचे स्क्रू रबरी वायसरसह लावा. ओलं सिमेंट किंवा चुनाही लागू देऊ नका.

लाटांचे तुषार येतात तिथे ॲल्युमिनियमच घ्यावा. गावात आतल्या बाजूला रंगवलेला जीआय पुरतो.