फ्लॅनेलची चादर घ्यायची तर वजन करून घ्या

पुण्याची थंडी ही पहाटेची थंडी. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो आणि लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. पहाटे पाचला तोच पारा १०-१२ वर उतरतो, शहराच्या पश्चिमेकडच्या पाषाण-एनडीए भागात त्याहूनही खाली. (१७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती. तसलं काही आता होत नाही, पण आठ-नऊ अंशांच्या चार-दोन रात्री बहुतेक हिवाळ्यांत येतातच.) त्यामुळे रात्री अकराला अंगावर जाड ब्लँकेट नकोसं होतं आणि पहाटे कूस बदलली की गादीची पलीकडची बाजू बर्फासारखी लागते. पांघरूण कितीही चांगलं असलं तरी ही खालची थंडी जात नाही. ती अंथरुणातच सोडवावी लागते, आणि त्यासाठी फ्लॅनेलची चादर हा सगळ्यात सरळ उपाय आहे. अट एकच, ती खरी फ्लॅनेलची हवी.

घरातली जुनी माणसं याला फलालीन म्हणतात. लहान बाळाची दुपटी याच कापडाची असतात. साधं सुती कापड बारीक तारांच्या रुळांवरून फिरवतात, त्या तारा आडव्या सुतातले तंतू ओढून वर आणतात आणि कापडावर लव येते. त्या लवेत हवा अडकून राहते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही. गुळगुळीत सुती चादर अंगाला सपाट चिकटते आणि टेकल्या टेकल्या अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून ती गार लागते. फ्लॅनेलला अंग फक्त लवेच्या टोकांवर टेकतं. सगळा फरक तेवढाच आहे.

बाजारात गोंधळ होतो तो नावांमुळे. ‘विंटर बेडशीट’, ‘वॉर्म शीट’, ‘वुलन बेडशीट’, ‘फ्लॅनेल फ्लीस’ अशा नावांनी जे मऊ, गुबगुबीत कापड विकलं जातं ते बहुतेक वेळा शंभर टक्के पॉलिएस्टर असतं. ‘ग्लेस कॉटन’च्या नावात कॉटन आहे, कापड मात्र बहुधा पॉलिएस्टर मायक्रोफायबरचं. हात लावला तर ही कापडं खऱ्या फ्लॅनेलपेक्षाही मऊ लागतात आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. सूत हवेतल्या दमटपणातून स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत ओल धरून ठेवतं, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. पुण्यात रात्रीच्या सुरुवातीला खोली अजून उबदार असते, अंगाला थोडा घाम येतो, आणि पॉलिएस्टरवर तो घाम जागच्या जागी राहतो. मग पहाटे तीच ओलसर पाठ गार पडते. शिवाय जानेवारीच्या कोरड्या हवेत अशी चादर ओढली की चटचट आवाज येतो, अंगावरचे केस उभे राहतात. दिल्लीच्या धुक्यात कदाचित तिचा उपयोग होत असेल, पुण्यात तिची शिफारस करवत नाही.

ओळखायचं कसं? पहिलं म्हणजे आतलं लेबल वाचा, पुठ्ठ्यावरचं नाव नको. तिथे ‘१०० टक्के कॉटन’ लिहिलेलं हवं. घरी आणल्यावर, परत करायची मुदत असेपर्यंत, आतल्या दुमडीतून कापडाचेच दोन-तीन धागे काढा (शिलाईचा दोरा नको), चिमट्यात धरा आणि बेसिनवर जाळून बघा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडेल अशी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. मिश्र कापडात राखेत बारीक खडे लागतात.

आता वजन. साध्या चादरींच्या खरेदीत लोक थ्रेड काउंट, म्हणजे एका चौरस इंचातले धागे, विचारतात. फ्लॅनेलला तो आकडा फारसा लागू नाही, कारण लवेखाली धागे मोजण्यात अर्थच उरत नाही. इथे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जीएसएम, बघायचं. बऱ्याच पाकिटांवर तो छापलेला नसतो, पण स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो काढता येतो. ९० × १०० इंची चादर ५.८ चौरस मीटर भरते. तिचं वजन ८७० ग्रॅमच्या आसपास आलं तर कापड १५० जीएसएमचं. ६४० ग्रॅम आलं तर ११०, म्हणजे नावापुरतं फ्लॅनेल, दोन हिवाळ्यांत लव जाऊन साधी चादर उरेल. १०८ × १०८ ची चादर साडेसात चौरस मीटर, ती १,१३० ग्रॅमच्या आसपास हवी. ६० × ९० ची सिंगल ३.५ चौरस मीटर, तिला ५२५ ग्रॅम. पाकिटासकट वजन करत असाल तर उशीच्या प्रत्येक अभ्र्याचे साधारण १०० ग्रॅम वजा करा. सामान तोलायचा छोटा हूकवाला काटा खिशात घेऊन दुकानात गेलात तरी चालतं, दुकानदार दोन मिनिटं बघतो आणि मग स्वतःच दुसरा गठ्ठा उघडतो.

पुण्यासाठी १४० ते १६० जीएसएम, दोन्ही बाजूंनी लव असलेलं कापड योग्य. १८०-२०० ची जाड चादर हातात घेतली की मोह होतो, पण ती थंड देशांच्या हिशेबाची असते. पुण्यातल्या सिमेंटच्या फ्लॅटमध्ये भिंती दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात, वर मेमरी फोमची गादी असली तर ती स्वतःच उष्णता धरते. अशा घरात २०० ची चादर रात्री एकला पायाने ढकलली जाते. अपवाद आहेत. तळमजला, जुन्या वाड्यातली खोली, शहाबादी फरशीवर टाकलेली कापसाची गादी, किंवा ज्या आजी-आजोबांचे पाय रात्रभर गार राहतात त्यांचं अंथरूण. तिथे १७०-१८० चं कापड जरूर घ्या.

वजन बरोबर असूनही चादर वाईट निघू शकते, आणि ते कळतं लव नीट बघितल्यावर. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सगळीच कापडं छान दिसतात, म्हणून घडी उघडून दाराशी उजेडात आणा. कापड उजेडासमोर धरलं की वीण एकसारखी दिसायला हवी. कुठे विरळ पट्टे, कुठे दाट गाठी दिसल्या तर ठेवून द्या. मग अंगठ्याने एकाच जागी २०-२५ वेळा जोरात घासा. चांगल्या लांब तंतूच्या कापसाची लव थोडी विस्कटते आणि हात फिरवला की बसते. आखूड तंतूच्या कापसाचे तेवढ्यातच बारीक गोळे वळायला लागतात. हेच गोळे पुढे महिनाभरात कमरेखाली आणि टाचांखाली टोचतात. गडद ओढणी किंवा रुमाल चादरीवर घासून किती सुटे तंतू चिकटतात तेही बघा. नव्या चादरीचे थोडे तंतू पहिल्या दोन-तीन धुण्यांत निघतातच, तो दोष नाही. पाचव्या धुण्यानंतरही बादलीत कापूस तरंगत असेल तर लव सुटते आहे.

आणखी एक गोष्ट क्वचितच कुणी तपासतं. लव आडव्या सुतातून ओढलेली असते. मऊपणा वाढवायला रुळांवरून जास्त वेळा फिरवलं तर तेच आडवं सूत आतून पोखरतं. म्हणून चादर रुंदीच्या बाजूने दोन्ही हातांत धरून झटका द्या. कापड सैल पडलं, जाळीसारखं उघडलं, तर ते पहिल्या वर्षीच मध्यभागी उभं फाटेल. दुकानातल्या सगळ्यात मऊ चादरीबद्दल म्हणूनच थोडा संशय असू द्यावा.

छापील फुलांपेक्षा रंगवलेल्या सुताची चौकडी किंवा पट्टे घ्या. छपाई लवेच्या टोकांवर बसते, लव झडली की रंगही झडतो आणि चादरीवर पांढरट झाक येते. सूतच रंगवलेलं असेल तर आतपर्यंत रंग असतो. उलट बाजूलाही डिझाइन तितकंच ठळक दिसलं, की समजायचं सूत रंगवलेलं आहे.

मापाची चूक सगळ्यात जास्त होते, कारण फ्लॅनेल आटतं. आधी आटवून घेतलेलं कापड नसेल तर पहिल्या धुण्यात ५ ते ८ टक्के सहज जातं. ६ टक्के धरून हिशेब करून बघा. क्वीन गादी ७८ × ६० इंच, जाडी ६ इंच. ९० × १०० ची चादर धुतल्यावर साधारण ८४.५ × ९४ होते. लांबीत ७८ अधिक दोन्ही बाजूंची जाडी १२, म्हणजे ९० इंच गादीच खाते. डोक्याकडे आणि पायाकडे खोचायला दोन-दोन इंच उरतात, ती मध्यरात्रीच निघून येते. क्वीनलाही १०८ × १०८ च घ्या. किंग गादी ७८ × ७२, जाडी ६ इंच, तिला १०८ ची चादर धुतल्यावर १०१.५ होते, लांबीत पावणेसहा इंच खोचायला मिळतात, चालतं. गादी ८ इंची असेल तर पावणेचार इंच, म्हणजे काठावरचं काम. इलॅस्टिकवाली चादर घेणार असाल तर ती आधी आटवलेली आहे असं लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका. आटली की कोपरे रोज उसळतात, आणि तिला उपाय नाही. खरं तर फ्लॅनेलला इलॅस्टिकची गरजही कमी, लवेमुळे ते गादीला स्वतःच धरून राहतं.

तयार चादरीत मनासारखं काही नसेल तर रविवार पेठेतल्या कापडगंजात मीटरवर फ्लॅनेल बघा. इथे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, महत्त्वाचा. ३६ इंची पन्ह्याच्या तीन पट्ट्या जोडल्या तर दोन शिवणी नेमक्या दोन झोपणाऱ्यांच्या पाठीखाली येतात आणि रात्रभर जाणवतात. ५८ इंची पन्हा मिळाला तर दोनच पट्ट्या लागतात, शिवण दोघांच्या मधोमध जाते, कुणाला लागत नाही. क्वीन किंवा किंगसाठी ३-३ मीटरच्या दोन पट्ट्या, एकूण ६ मीटर. कापण्याआधी अख्खं कापड एकदा भिजवून, धुऊन, वाळवून घ्या, नाहीतर शिवणीला चुण्या पडतील. आणि शिंप्याला लवेची दिशा दाखवून द्या. दोन पट्ट्यांवरून एकाच दिशेने हात फिरवला की दोन्हीकडे लव खाली बसली पाहिजे. एक पट्टी उलटी लागली तर दिवसा ती वेगळ्या रंगाची दिसते.

धुताना टॉवेल, टर्किश पंचे बरोबर टाकू नका, दोघांचे सुटे तंतू एकमेकांना लागतात. पाणी गार किंवा कोमट, पावडरऐवजी लिक्विड, तेही नेहमीपेक्षा कमी. ज्या सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं तिथे साबण लवेत बसतो आणि चादर चार धुण्यांत गोणपाटासारखी होते. एकदा जास्त खळबळा, शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. फॅब्रिक कंडिशनर मात्र नको. तो लवेवर थर धरतो, कापड घाम ओढेनासं होतं. कोरडी ९० × १०० ची चादर पाऊण-एक किलोची, ओली झाली की खूप जड, म्हणून साडेसहा किलोच्या मशीनमध्ये एका वेळी एकच चादर आणि तिचे अभ्रे. दोरीवर टाकण्याआधी दोन टोकं धरून जोरात झटका, लव उभी राहते. पुण्यातल्या हिवाळी हवेत ती सावलीतही दिवसभरात खडखडीत वाळते. कडक इस्त्री केली तर लव झोपली म्हणून समजा.

एक धोका गांभीर्याने घ्यायचा आहे. सुती लव आग फार पटकन पकडते, ज्वाळा कापडाच्या वरच्या वर धावत जाते. डासांची कॉइल, उदबत्ती, शेगडी, हीटर यांपैकी काहीही फ्लॅनेलच्या अंथरुणाजवळ नको. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसासाठीही हे कापड विचार करून घ्या. लवेत धूळ राहते, ती घालवायला दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवावं लागतं, आणि त्या पाण्यात कापड आणखी आटतं. त्यांना जाड विणीची साधी सुती चादर बरी. घरात मांजर असेल तर तिचा प्रत्येक केस इथे मुक्कामाला राहील.

सोलापुरी चादर असताना याची गरज काय, असं विचारलं जातं. ती जाड सुताची, जेकार्ड मागावर नक्षी विणलेली, लव नसलेली. पांघरायला तिला तोड नाही, अंथरली तर मात्र गारच लागते. पुण्याच्या थंडीचा बेत म्हणून खाली १५० चं फ्लॅनेल आणि वर सोलापुरी चादर किंवा घरची गोधडी, इतकं बहुतेक रात्रींना पुरतं. वरूनही फ्लॅनेल आणि अंगात फ्लॅनेलचाच पायजमा असं करू नका, लवेला लव अडकते आणि कूस बदलताना सगळं अंगाभोवती गुंडाळलं जातं.

फेब्रुवारीच्या मध्यावर चादर काढाल तेव्हा धुऊन, पूर्ण वाळवून, खळ न घालता ठेवा. खळीवर कसर येते. डांबराच्या गोळ्यांचा वास लवेत इतका मुरतो की पुढच्या दिवाळीनंतरही झोपू देत नाही, त्यापेक्षा वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून घडीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके येतात, जुन्या सुती अभ्र्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली चादर चांगली राहते. नोव्हेंबरात बाहेर काढली की आधी एक दिवस ऊन दाखवा आणि मगच अंथरा.