पैशांचा ऑनलाइन वर्ग: कर्जाचा धडा चुकवू नका

मुलीसोबत हा वर्ग केला. ‘गरज की हौस’ हा पहिला धडा नुसता पाल्हाळ. तेवढं तर मी तिला रोज ऐकवते. खरी मजा कर्जाच्या धड्यात. 10 टक्के ‘फ्लॅट’ दराचं तीन वर्षांचं कर्ज घटत्या शिलकीच्या (म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरायच्या) हिशोबाने जवळजवळ 18 टक्क्यांना पडतं, हे बाईंनी हप्त्यांचा तक्ता मांडून दाखवलं. फ्लॅट दरात मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र मूळ रकमेवरच लागत राहतं! मुलीने लगेच कॅल्क्युलेटर ओढला. क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा 3 टक्के व्याजाने दोन वर्षांत दुप्पट होते, हेही तिनेच काढलं. विमा मात्र घाईत उरकलाय, ते खटकलं. खर्चाची वही झकास, रकाने मोजकेच. दहावीच्या आतल्यांना कंटाळा येईल.