देवमासे दाखवणारी बोट: कप्तान उत्तम, भोंगा नको

"देवमासा दिसला नाही तर पुढची फेरी फुकट" असं तिकीट खिडकीवर लिहिलेलं वाचलं, तेव्हाच ही मंडळी मला पटली. शेजारचा बोटवाला शंभर टक्के दाखवतो, अगदी हातभर अंतरावरून, असं ओरडत होता. समुद्रातल्या जनावराची हमी कोण देणार? आणि हातभर म्हणजे त्याच्या अंगावर बोट घालणंच की.

आम्ही पाचजण होतो. शिवाय सासूबाईंचे गुडघे आणि नवऱ्याची मळमळ हे वेगळं सामान. चढायची फळी रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, हात द्यायला माणूस उभा. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट होती आणि पट्टे घट्ट आहेत का हे खलाशाने स्वतः ओढून पाहिलं. मोठ्यांची जॅकेटं मुलांच्या गळ्यात अडकवणाऱ्या बोटी मी पाहिल्यात, म्हणून मुद्दाम सांगते.

आता खरी गोष्ट. लांबवर फवारा उडाला आणि सगळे एका कठड्याला धावले. वाटलं, आता बोट सुसाट सुटणार. कप्तानाने उलट वेग कमी केला. हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी होती, सोबत पिल्लू. तो त्यांच्या बाजूने, त्यांच्याच दिशेने हळूहळू गेला आणि बऱ्याच अंतरावर थांबला. मागून पाठलाग केला किंवा समोरून वाट अडवली तर त्या बुडी मारून निघून जातात, असं गाइडने सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत देवमाशाच्या १०० मीटर आणि डॉल्फिनच्या ५० मीटरच्या आत बोट न्यायची नाही, आणि सोबत पिल्लू असेल तर देवमाशापासून ३०० मीटर लांब राहायचं, असं आहे. आमचा कप्तान हेच आकडे पाळत होता. तिथे जमलेल्या बोटी वाढल्या तेव्हा आपली बोट मागे घेणारा तोच पहिला. काही प्रवासी कुरकुरले. मला मात्र पैसे तिथेच वसूल झाले.

कारण मग त्याने दुसरीकडे जाऊन इंजिन बंद केलं आणि पाण्यात मायक्रोफोन सोडला. आधी नुसती घरघर. ती दूरच्या बोटींची होती. ती ओसरल्यावर खालून लांबलचक कण्हल्यासारखा आवाज आला. हे हंपबॅकचं गाणं, आणि ते फक्त नर गातात म्हणे. त्या घरघरीत ही जनावरं कशी राहत असतील, हे मुलाने विचारलं आणि गाइडने ते टाळलं नाही, नीट समजावून सांगितलं.

थोड्या वेळाने एक देवमासा आपण होऊनच जवळ आला. त्याच्या श्वासाचा फवारा वाऱ्याने आमच्यावर आला. कुजक्या मासळीचा वास! मुलं बेहद्द खूश. पाठ कमानीसारखी उचलली की शेपूट वर येणार, हे एकदा कळलं की कॅमेरा वेळेवर उचलता येतो. शेपटीच्या खालचं काळं-पांढरं नक्षीकाम प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यावरून अभ्यासक एकेकाला ओळखतात. तो बुडाल्यावर पाण्यावर गुळगुळीत गोल राहतो, तेल सांडल्यासारखा. फोटोत तो येत नाही, डोळ्यांनीच बघा.

धाकटीला मात्र उड्या मारणारे डॉल्फिन हवे होते आणि आले ते नुसत्या पाठी दाखवून गेले. तिच्या लेखी फेरी फुकट गेली.

आता तक्रारी. वरच्या डेकवरचा भोंगा कानठळ्या बसवतो. खाली शांततेचे धडे आणि वर हा गोंगाट! शौचालयाचं दार अरुंद, कडी नीट लागत नाही, सासूबाईंसाठी मला बाहेर उभं राहावं लागलं. परतताना फोटोंचा अल्बम गळ्यात मारायचा प्रयत्न होतो.

पाचपैकी चार. बोट लागत असेल तर खालच्या डेकवर मध्यभागी, जरा मागे बसा, क्षितिजाकडे बघा. डॉक्टरांनी दिलेली गोळी चढण्यापूर्वीच घ्या. नवऱ्याने घेतली आणि तो चक्क हसत उतरला. दुर्बीण न्याल तर सातपट पुरे, त्याहून जास्त असेल तर हलत्या बोटीवर चित्र थरथरतं. आणि जमल्यास सकाळची पहिली फेरी घ्या. वारा वाढला की लाटांवर फेस येतो, मग फवारा कुठला आणि फेस कुठला, काही कळत नाही.