‘टीमची सायकल’ म्हणून विकलेली नकली डॉग्मा

जाहिरात एका ओळीची होती. ‘इनिओस टीमची २०२० ची पिनारेलो डॉग्मा एफ१२, डिस्क ब्रेक, अल्टेग्रा अकरा स्पीड, १ लाख ६० हजार, अर्जंट.’ इनिओस हा व्यावसायिक सायकल संघ, पिनारेलो डॉग्मा ही त्याची इटालियन रेसिंग सायकल आणि अल्टेग्रा हा शिमानो कंपनीचा ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच. नागपुरातल्या आमच्या सायकल ग्रुपमधल्या एका मुलाने ती सायकल घेतली. दहा हजार टोकन यूपीआयने दिलं, उरलेले पैसे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आल्यावर. वर्धा रोडवर जेमतेम तीनशे किलोमीटर झाले आणि हँडलपाशी कटकट आवाज यायला लागला. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) उतरवला तेव्हा सगळं उघड झालं. अशा जाहिराती इकडच्या ग्रुपांवर सतत फिरतात, म्हणून काय काय सापडलं ते सविस्तर लिहीत आहोत.

खोटेपणा जाहिरातीतच होता, कुणी नीट वाचली नाही एवढंच. २०२० च्या मोसमात इनिओस संघ रिम ब्रेकवरच (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकवर) चालत होता. संघाच्या ताओ गेगन हार्टने त्या वर्षीची जिरो द’इटालिया ही इटलीतली मोठी शर्यत जिंकली ती रिम ब्रेकच्या एफ१२ वर. आणि संघाच्या सायकलींना शिमानोचा ड्युरा-एस डीआय२ हा इलेक्ट्रॉनिक ग्रुपसेट असायचा, तारेवर चालणारा अल्टेग्रा नव्हे. डिस्कची एफ१२ दुकानात मिळायची, हे खरं. पण ‘टीमची’ हा शब्द तिथेच गळून पडतो. सुटे भाग नंतर बदलता येतात. फ्रेमवरचा डिस्क कॅलिपरचा माउंट नंतर येत नाही.

‘टीमची’ असं कुणी म्हणालं की आधी वर्ष विचारा, मग ग्रुपसेट. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोगाचरचा यूएई संघ २०२२ पर्यंत कोल्नागो सायकलींवर कँपानोलोचा ग्रुपसेट वापरत होता, शिमानो २०२३ पासून. जम्बो-विस्मा संघ २०२१ मध्ये बियांकी सोडून सर्वेलो सायकलींवर आला. २०२२ ची टूर त्यांनी शिमानोवर जिंकली, २०२३ ची स्रॅमच्या ग्रुपसेटवर. हे तपासायला मोबाइलवर त्या शर्यतीचे फोटो पुरतात. आणखी एक: बारा स्पीडचा ड्युरा-एस (आर९२००, २०२१) फक्त इलेक्ट्रॉनिक आहे. ‘मेकॅनिकल बारा स्पीड ड्युरा-एस’ शिमानोने काढलेलाच नाही. तसं कुणी विकत असेल तर पुढे बोलूच नका.

आता फ्रेम. रंग आणि स्टिकर यांवर अजिबात विसंबू नका; ते हुबेहूब केलेले असतात, यूसीआयच्या (सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या) मंजुरीच्या लेबलसकट. बॉटम ब्रॅकेट बघा, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग; फ्रेममधली त्याची आडवी नळी म्हणजे शेल, तिच्या दोन्ही टोकांना कप बसतात. डॉग्मा एफ८, एफ१०, एफ१२ या सगळ्यांना इटालियन थ्रेड असतो: ३६ × २४ (व्यास ३६ मिलिमीटर, इंचाला २४ आटे), शेलची रुंदी ७० मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे आटे सरळ. बीएसए म्हणजे इंग्लिश थ्रेड १.३७ इंच × २४, रुंदी ६८ मिलिमीटर, आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे. काही न उघडता दोन गोष्टी करता येतात. दोन कपांच्या मधलं अंतर व्हर्नियरने मोजा. आणि टॉर्च मारून कपावरची बारीक अक्षरं वाचा. या सायकलच्या शिमानो कपावर ‘बीसी १.३७ × २४’ स्पष्ट छापलेलं होतं, व्हर्नियर ६८ दाखवत होता. इथेच निकाल लागला. इटालियन शेलचा बीएसए करता येत नाही, कारण इटालियनचं भोक मोठं असतं. उलट बाजूने मात्र सावध राहा: काही नकली फ्रेमना इटालियन थ्रेडही पाडलेले असतात. म्हणजे ६८ निघालं तर नक्की नकली, ७० निघालं तर तपासणी पुढे चालू.

पुढची तपासणी म्हणजे फोर्क. स्टेमची (हँडल धरणाऱ्या भागाची) टॉप कॅप काढा, स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले करा, ब्रेकचा पाइप ताणू न देता फोर्क खाली ओढा. स्टिअररच्या नळीत (फोर्कचा फ्रेममधून वर जाणारा भाग) खालून प्रकाश टाका. या फोर्कमध्ये आतल्या भिंतीवर चुण्या होत्या, रेझिनचे (कार्बनचे धागे चिकटवणाऱ्या द्रव्याचे) गोळे होते आणि बनवताना साच्यात फुगवतात त्या नायलॉनच्या फुग्याची बोटभर पट्टी लोंबत होती. चुणी म्हणजे तिथला कार्बनचा धागा वाकडा. वाकडा धागा भार घेत नाही, भार रेझिनवर जातो आणि रेझिन तडकतं. तसंच झालं होतं. स्टेमच्या खालच्या काठाशी, जिथे बराच जोर येतो तिथे, नखाला लागेल अशी आडवी रेघ होती. रामटेकच्या गडावरून उतरताना ती तुटली असती तर हँडल हातात आलं असतं. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

फ्रेमच्या आतून बघायला मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा सीट पोस्टच्या भोकातून सोडा. नाणं वाजवून बघण्यावर भर देऊ नका. जाड रंगाखाली आवाज फसवतो. नागपूरकरांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. मे महिन्यात बंद गाडीत सायकल ठेवली की साधं रेझिन मऊ पडू शकतं, आणि नकली फ्रेममध्ये कोणतं रेझिन ओतलंय हे कुणालाच माहीत नसतं.

क्रँक (पेडलचा दांडा) मात्र अस्सल अल्टेग्रा आर८००० निघाला, आणि त्यातही गोम होती. शिमानोने २०२३ मध्ये अकरा स्पीडचे चिकटवून जोडलेले अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक, जुलै २०१९ पूर्वी बनलेले, तपासणीसाठी परत बोलावले. ते दोन थरांत उकलू शकतात. क्रँकच्या आतल्या बाजूला दोन अक्षरी कोड असतो. तो शिमानोच्या यादीशी जुळवा आणि जुळला तर अधिकृत दुकानात दाखवा. डीआय२ असेल तर पैसे देण्याआधी ई-ट्यूब अॅप जोडून सगळे भाग दिसतात का ते पाहा.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. विकणारा दुकानदार असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, तो कुठल्याही शहरातला असो, सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. खासगी माणसाने स्वतःची जुनी सायकल म्हणून विकली असेल तर ग्राहक आयोगाचा उपयोग नाही, पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार द्यावी लागते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ट्रान्सपोर्टची पावती, आणि व्हर्नियर लावलेल्या शेलचा फोटो सोबत जोडा. रागाच्या भरात फ्रेम कापू नका, तोच पुरावा आहे. चाकं, क्रँक, शिफ्टर उतरवून घ्या आणि शेलवर पक्क्या मार्करने ‘नकली’ लिहून ठेवा, म्हणजे ती पुन्हा कुणाला विकली जाणार नाही.