‘डिमाइज’ या एका शब्दावर एटिमॉनलाइनची परीक्षा

आपल्याकडच्या इंग्रजी निधनवार्तेत ‘सॅड डिमाइज’ हे शब्द नसतील तर ती वार्ता कुणाला पूर्ण वाटत नाही. ‘दुःखद निधन’चे ते ठरून गेलेले इंग्रजी रूप आहे. शोकसंदेशात, शाळेच्या सूचनाफलकावर आणि खातेदाराच्या वारसांना जाणाऱ्या बँकेच्या पत्रातही ते सारख्याच गांभीर्याने वापरले जाते. मात्र मुंबईतल्या एखाद्या जुन्या भाडेपट्ट्याचा दस्त उघडला की हाच शब्द जमिनीला आणि इमारतीला लागलेला दिसतो. ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हणजे पट्ट्याने दिलेली मिळकत, जी चांगली नांदती असते. इंग्रजी दस्तांच्या मराठी अनुवादाचे काम करणाऱ्यांना ही अडचण नवी नाही, आणि एका भाषांतर-यंत्राने याच शब्दांचे ‘निधन झालेली जागा’ असे मराठी करून दिल्यापासून मी तरी असे शब्द व्युत्पत्तिकोशात पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. त्यासाठी मी नेहमी वापरतो तो कोश म्हणजे ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’, अर्थात ‘एटिमॉनलाइन’. कोशाची परीक्षा शंभर सोप्या शब्दांपेक्षा एका अडचणीच्या शब्दावर चांगली होते, म्हणून हे परीक्षण ‘डिमाइज’ या एकाच शब्दाच्या आधारे केले आहे.

हा कोश कोणत्याही विद्यापीठाचा किंवा मोठ्या प्रकाशनसंस्थेचा नाही. अमेरिकेतील डग्लस हार्पर या गृहस्थांनी या शतकाच्या आरंभी तो एकट्याने उभा करायला घेतला आणि बार्नहार्ट, क्लाइन, वीकली यांचे व्युत्पत्तिकोश आणि ऑक्सफर्डचा महाकोश अशा छापील आधारांवरून त्याचे सार काढत नेले. नवे संशोधन केल्याचा त्यांचा दावा नाही. विखुरलेले संशोधन चार-सहा ओळींत वाचनीय करून देणे हेच या कोशाचे काम आहे आणि त्यासाठी वाचकाला पैसे मोजावे लागत नाहीत. जाहिराती मात्र सोसाव्या लागतात, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर त्या नोंदीच्या मध्येच येतात तेव्हा त्रासदायक होतात.

‘डिमाइज’ची नोंद उघडली की पहिल्याच ओळीत निधन नाही, मिळकतीचे हस्तांतरण आहे. १५व्या शतकाच्या मध्यावर इंग्रजीत आलेला हा शब्द कायद्याच्या फ्रेंच भाषेतला आहे. जुन्या फ्रेंचमधील ‘देमेत्र’, म्हणजे दूर करणे, सोडून देणे, या क्रियापदाच्या कर्मणी धातुसाधिताचे ते स्त्रीलिंगी रूप, आणि त्याच्या पोटात लॅटिनमधील ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे, जाऊ देणे. मृत्यू हा अर्थ १७५४च्या सुमारास चिकटला, कारण अशी हस्तांतरणे त्याच वेळी होतात, असे नोंद कोरडेपणाने सांगते. हार्पर यांची ही शैली मला आवडते. कोशकाराने वाचकाला हसवू नये असा नियम कुठेही नाही, आणि या एका वाक्यात अर्थ कसा सरकला हे पानभर विवेचनापेक्षा लवकर कळते.

या कोशाची खरी मजा नोंदीतून नोंदीत जाण्यात आहे. ‘मित्तेरे’वर बोट ठेवून ‘मिशन’च्या नोंदीवर जावे, तिथून ‘प्रॉमिस’, ‘सर्माइज’, ‘कॉम्प्रोमाइज’ असे सगळे गोत्र समोर येते. पदावरून पायउतार होण्यासाठी आपली इंग्रजी वृत्तपत्रे आवडीने वापरतात तो ‘डिमिट’ हा शब्दही याच घरातला निघतो. ‘प्रिमिस’पाशी मात्र मी थांबलो. त्याचा मूळ अर्थ ‘आधी मांडलेले’ असा असून तर्कशास्त्रातले गृहीतक त्यावरूनच आले. दस्तात आरंभी मिळकतीचे वर्णन करून पुढे तिचा उल्लेख ‘वर सांगितलेले’ अशा अर्थाने ‘द प्रिमायसेस’ असा करत, आणि होता होता जागेलाच प्रिमायसेस म्हणू लागले. म्हणजे ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ या जोडीतले दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूची पोरे आहेत, एक ‘सोडून दिलेले’ आणि दुसरे ‘पुढे मांडलेले’. छापील कोशात ही दोन पाने शेजारी येण्याचा संभव नाही. इथे ती दोन-तीन टिचक्यांत जुळतात, आणि याच गुणासाठी मी हा कोश इतरांना सुचवतो.

माझी तक्रार त्या कोरड्या वाक्याबद्दलच आहे. ‘हस्तांतरण मृत्यूच्या वेळी होते’ हे मृत्युपत्राच्या बाबतीत खरे, परंतु या शब्दाला प्रतिष्ठा मिळाली ती राजमुकुटामुळे, आणि तिथली गोष्ट नेमकी उलट दिशेने जाते. इंग्लंडच्या कायद्यानुसार राजा मरत नाही. देह जातो आणि राजपद त्याच क्षणी वारसाकडे जाते. म्हणूनच राजाच्या बाबतीत ‘डेथ’ न म्हणता ‘डिमाइज’ म्हणायचे, असे इंग्रज कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १७६५ साली आपल्या ‘कॉमेंटरीज’मध्ये स्पष्ट केले आहे. त्यांनी दिलेला दाखला फार बोलका आहे. १४७० साली लँकेस्टर पक्षाने चौथ्या एडवर्डला सिंहासनावरून हुसकावले, तो काही महिने बर्गंडीच्या आश्रयाला गेला आणि पुढच्या वर्षी परत येऊन गादीवर बसला. तो धडधाकट जिवंत असताना त्या काही महिन्यांच्या पदच्युतीला कायद्याने ‘डिमाइज’ म्हटले, आणि राजा खरोखर वारल्यावर जसे होई तसे त्याच्या नावाने चाललेले न्यायालयीन कामकाज खंडित झाल्याचे मानले गेले. मृत्यूचे सौम्य नाव म्हणून हा शब्द निवडला गेला असता तर पळून गेलेल्या राजाला तो कुणी लावला नसता.

हा केवळ मध्ययुगीन विक्षिप्तपणा नव्हे. ११ डिसेंबर १९३६ रोजी आठव्या एडवर्डच्या राजत्यागाचा अधिनियम संमत झाला, त्याच्या मजकुरातच राजाचे राजपद संपेल आणि ‘देअर शॅल बी अ डिमाइज ऑफ द क्राउन’ असे नमूद आहे. ज्याचा ‘डिमाइज’ पार्लमेंटने असा लिहून ठेवला तो गृहस्थ पुढे ‘ड्यूक ऑफ विंडसर’ या नावाने जगला आणि १९७२ साली वारला. राजा बदलला की त्याच्या नावाने नेमलेल्या अधिकाऱ्यांचे काय, हा प्रश्न सोडवणाऱ्या १९०१च्या कायद्याचे नावही ‘डिमाइज ऑफ द क्राउन अ‍ॅक्ट’ असेच आहे. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले त्याच दिवशी तिथले ‘क्वीन्स कौन्सेल’, म्हणजे राणीच्या नावाने नेमलेले ज्येष्ठ वकील, ‘किंग्ज कौन्सेल’ झाले, कुणाला नव्याने नेमावे लागले नाही. त्या दिवशी शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले असले तरी कायद्याला अभिप्रेत होते ते पद पुढे जाणे. एवढी हकीकत चार ओळींच्या नोंदीत मावणार नाही हे मला मान्य आहे, तरीही चौथ्या एडवर्डसाठी एक वाक्य खर्च केले असते तर वाचकाला शब्दाचा कणा दिसला असता.

जुना अर्थ संग्रहालयात गेलेला नाही, हेही केवळ व्युत्पत्ती वाचून नीट ध्यानात येत नाही. कोशातली सनावळी पाहून सामान्य वाचक असे समजतो की १५व्या शतकातला अर्थ गेला आणि १८व्या शतकातला राहिला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम १०५मध्ये भाडेपट्टा म्हणजे स्थावर मिळकतीचा उपभोग घेण्याच्या हक्काचे हस्तांतरण अशी व्याख्या आहे आणि तिच्या आधाराने लिहिल्या जाणाऱ्या दस्तांत ‘द लेसर डथ हिअरबाय डिमाइज अंटू द लेसी ऑल दॅट पीस ऑर पार्सल ऑफ लँड’ हे वाक्य आजही मंत्रासारखे येते. मराठीत त्याचे ‘पट्टाकार याद्वारे पट्टेदारास जमिनीचा तो संपूर्ण तुकडा पट्ट्याने देत आहे’ एवढे सरळ होते. जहाजाच्या धंद्यातही ‘डिमाइज चार्टर’ असतो. त्यात खलाशी आणि कप्तान न देता नुसते जहाज ठरावीक मुदतीसाठी भाडेकऱ्याच्या पूर्ण ताब्यात जाते आणि ते चालवण्याची जबाबदारी त्याची होते. आपल्या नौवहन व्यवहारातला ‘बेअरबोट चार्टर-कम-डिमाइज’ हा प्रकार त्याचाच पुढचा टप्पा असून त्यात करार पूर्ण झाल्यावर मालकीही भाडेकऱ्याकडे जाते. बॅलार्ड इस्टेटमधल्या एखाद्या शिपिंग कचेरीत ‘डिमाइज’ म्हटल्यावर कुणी दोन मिनिटे शांत उभे राहत नाही.

याच शब्दासाठी इतर कोशही पाहिले. मेरिअम-वेबस्टरचा विनामूल्य कोश आजचा वापर ओळखण्यास अधिक उपयोगी आहे. मृत्यू, अस्तित्व संपणे, मिळकतीचे हस्तांतरण, राज्यपदाचे संक्रमण आणि पद किंवा प्रतिष्ठा जाणे हे सगळे अर्थ तिथे वेगवेगळे मांडलेले आहेत, शिवाय उच्चार ऐकता येतो. आपल्याकडे बरेच जण ‘डेमिस’ म्हणतात, त्यांनी तो एकदा अवश्य ऐकावा. ऑक्सफर्डच्या महाकोशाची सर कुणालाच नाही, कारण तिथे प्रत्येक अर्थाखाली सनवार अवतरणे असतात आणि शब्द कुठून कुठे गेला हे वाचकाला स्वतः तपासता येते. पण पूर्ण नोंदींसाठी त्याला वर्गणी लागते, जी ग्रंथालयाने भरली असेल तर उत्तम, घरगुती वाचकाने भरावी असे मी म्हणणार नाही. कायद्याच्या अनुवादकाला मात्र ‘ब्लॅक्स लॉ डिक्शनरी’ला पर्याय नाही. १८९१ची तिची पहिली आवृत्ती आता हक्कमुक्त असल्याने विनामूल्य वाचता येते आणि तीत ‘डिमाइज’चा पहिला अर्थ हयातभर, काही वर्षांसाठी किंवा मर्जी असेपर्यंत मिळकत दुसऱ्यास देणे असाच आहे.

एटिमॉनलाइन वापरताना एक सावधगिरी बाळगावी लागते. नोंदीतले साल म्हणजे त्या अर्थाचा आज हाती असलेला सर्वांत जुना लेखी पुरावा, शब्दाचा जन्मदिवस नव्हे. कोशाने हे स्वतःच सांगितले आहे, पण नोंद वाचणारे प्रस्तावनेकडे फिरकत नाहीत आणि मग ‘१७५४ साली डिमाइजचा अर्थ बदलला’ अशी विधाने लेखांतून फिरू लागतात. शब्दाच्या वापराचा चढउतार दाखवणारा आलेखही नोंदीखाली असतो. ‘डिमाइज’सारख्या शब्दाच्या बाबतीत तो मला निरुपयोगी वाटला, कारण निधनवार्ता, भाडेपट्टे आणि जहाजांचे करार असे सगळे त्या एका रेषेत मिसळलेले असतात.

वृत्तपत्रात काम करणाऱ्याला, इंग्रजीच्या शिक्षकाला आणि शब्दांच्या नादी लागलेल्या कुणालाही हा कोश मी निःशंकपणे सुचवेन. दस्तलेखक आणि अनुवादकांनी त्यावरून दिशा घ्यावी, परंतु मजकूर पक्का करण्याआधी कायद्याचा कोश उघडावा. जाहिरातींचा जाच मोबाइलवर जास्त आणि संगणकावर कमी होतो, तेव्हा बसून वाचायचे असेल तर संगणकच बरा.