पिकअपचा एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलल्यानंतर

पुण्याहून माल भरून परतताना खंबाटकीच्या चढावर माझी डिझेल पिकअप दुसऱ्या गिअरवर यायची, म्हणून साताऱ्यातील एका गॅरेजमध्ये उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर आणि टर्बोमागे (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यामागे) रुंद पाइप बसवून घेतला. एक्झॉस्टचा मागचा दाब घटल्याने टर्बो लवकर फिरतो आणि ओढ आधी जाणवते, हे खरे. मात्र इंधनाचे प्रमाण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवत असल्यामुळे ताकद फारशी वाढली नाही. वेल्डिंग सुबक आहे, सांध्यावर काजळीचा डागही नाही. फिल्टर मात्र बॉनेटखालची तापलेली, विरळ हवाच ओढत होता. शेवटी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मीच आडोसा केला. धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याचा सल्ला मी नाकारला, कारण पीयूसी दर वर्षी करावीच लागते.